भागीरथेचा पळसाचा काढा

वडशाला आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो, त्या वर्षी माझी धाकटी झोपेत दचकून रडायची. काळजीने माझाही डोळा लागत नसे. शेजारच्या वस्तीतली भागीरथा एक दिवस काढ्याचा गडवा घेऊन आली.

"बाई, हे पाजा तिले. पळसाचं हाय, भेऊ नका."

पोर शांत झोपली. तेव्हापासून आमचे जाणे-येणे सुरू झाले.

फाल्गुनात झाडाखाली पडलेली फुले भागीरथा वेचायची, काळे देठ खुडायची आणि सावलीत वाळवून मडक्यात भरून ठेवायची. लागतील तशी ती भिजवून बडीशेप, धने आणि भरपूर ठेचलेल्या वेलदोड्यांबरोबर उकळायची. गूळ मात्र पिताना, ज्याला हवा तेवढा.

थंडीत नाटकांचे दिवस आले की भीती पळवणाऱ्या या काढ्याला नटांकडून मागणी वाढे. तिचा नवरा मुखरू राणीचे काम करायचा. शरीर सडपातळ, आवाज गोड, पण पडदा उघडला की घाबरून शब्द विसरायचा. आदल्या वर्षी तो अर्धे भाषण टाकून विंगेत पळाला होता. मंडळाचे प्रमुख गुणवंतराव यांनी यंदा बजावले होते, "आता पळाला, तं राणी देवाजी." प्रधानाचे काम करणाऱ्या देवाजीला झुबकेदार मिशा होत्या, आणि त्या उतरवायला तो एका पायावर तयार होता.

नाटकाच्या सकाळी भागीरथेने मडके रिकामे करून चुलीवर दोन गंज, म्हणजे मोठी पातेली, चढवले. एकात सगळ्या नटांसाठी काढा. दुसऱ्यात राणीचे पांढरे लुगडे रंगवायला तुरटी घातलेले पळसाचे पाणी. लुगडे बुडवले, पिळले, उन्हात वाळवले. रंग सुरेख चढला.

संध्याकाळी पडद्यामागे नट जमले; भागीरथेबरोबर मीही गेले होते. पहिला घोट देवाजीने घेतला आणि थुंकला.

"अवो भागीरथाबाई, जीभ आवळून गेली ना! राणीपद वाचवाले मलेच मारता का?"

भागीरथेने गंजात बोट बुडवून चाखले. "अगो माय! लुगडं काढ्यात बुडवलं वाटते मी!"

सगळे खो-खो हसले. तोंडाला पावडर लावून बसलेला मुखरू तेवढा हसला नाही.

"माह्यापुरता घोटभर?"

"थेंब नाई. रंगाचं पाणी समजून सकाळीच फेकला. फुलंबी सरली."

"मंग मी नाई जात."

गुणवंतरावांनी देवाजीकडे पाहिले. देवाजीने मिशीवरून हात फिरवला.

भागीरथा उठली. मुखरूच्या अंगावरच्या लुगड्याचा पदर धरून तिने त्याच्या नाकाशी नेला.

"काऊन भेता? सारा काढा अंगावरच हाय. भेव वाटलं का पदर तोंडाले लावजा. लोकाईले वाटन, राणी रडून राह्यली."

मुखरूने श्वास ओढून घेतला. वेलदोड्याचा वास माझ्यापर्यंत आला.

तो रंगमंचावर गेला; मी समोर प्रेक्षकांत जाऊन बसले. शब्द अडला की पदर तोंडाशी न्यायचा, खांदे वर-खाली व्हायचे, मग पुढचे वाक्य यायचे. माझ्या पुढे बसलेल्या बाया डोळे पुसू लागल्या. "कशी रडते वो बिचारी!" शेवटचे भाषण त्याने पदर सोडून, दोन्ही हात मोकळे ठेवून म्हटले. एक शब्दही गळला नाही.

पडदा पडल्यावर गुणवंतराव आत आले. "मुखरू, फागुनापर्यंत राणी तूच," ते म्हणाले. मग देवाजीकडे वळून, "तुह्या मिशा प्रधानालेच शोभतात."

भागीरथा लुगड्याची घडी घालत होती. त्या हंगामात तिने ते पाण्यात घातले नाही.