विरोधी पक्षात कोणी बसेना

“हमारे बच्चे अपोझिशनमध्ये नाही बसणार,” हिरानी मॅडम फोनवर म्हणाल्या. “पेरेंट्स काय बोलतील? टॉपर लोग हैं सब.”

त्या उल्हासनगरच्या एका शाळेच्या प्रिन्सिपल. टॉपर मुलं विरोधी पक्षात का बसू शकत नाहीत, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी नोकरीभर अंबरनाथ पश्चिमेच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर एका ट्रस्टसाठी ‘संसद कशी चालते’ याचे ऑनलाइन वर्ग घ्यायला लागले. मुलांना फुकट, आणि मीही फुकटच. कोर्सच्या शेवटी ऑनलाइन अभिरूप संसद भरवायची होती. म्हणजे लुटुपुटीची संसद, मुलंच मंत्री आणि मुलंच खासदार. शाळा तीन होत्या. सरकार कोण आणि विरोधक कोण, एवढंच ठरवायचं होतं, आणि तिथेच घोडं अडलं.

बदलापूर गावातल्या शाळेचे पाटील सर तर थेट घरी आले.

“मॅडम, गावात इलेक्शन जवळ आलंय. आमची पोरं विरोधात दिसली तर लोक भलताच अर्थ काढतील. आम्हाला सरकारमध्ये घ्या.”

“अहो सर, सगळेच सरकारमध्ये गेले तर प्रश्न कोण विचारणार?”

“प्रश्न कशाला पाहिजेत? भाषणं ठेवा ना चांगली.”

मी कपाळाला हात लावला. शेवटी विरोधी पक्ष बारवी धरणाजवळच्या शाळेच्या वाट्याला आला. त्यांच्याकडे रेंज धड नसते, त्यामुळे शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चाललेलं हे भांडण त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. माझ्या वर्गासाठी त्यांचे भोईर सर मुलांना, रेंज मिळते म्हणून, टेकाडावरच्या समाजमंदिरात नेत आणि सगळी मुलं एका फोनसमोर बसत.

“चालंल मॅडम,” भोईर सर म्हणाले. “कोनीतरी बसायलाच पायजे ना.”

संसदेत प्रश्नोत्तराचा तास असतो. खासदार प्रश्न आधी लेखी देतो. त्याला तोंडी उत्तर हवं असेल तर त्या प्रश्नावर तारांकन, म्हणजे चांदणीची खूण असते. मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायचं असतं. हे शिकवलं तेव्हा बारवीच्या सुवर्णाने विचारलं, “मॅडम, मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं?”

“द्यावंच लागतं,” मी ठणकावून सांगितलं.

तिने प्रश्न लिहिला: धरणाचं पाणी शहरांना जातं, मग धरणाला लागून असलेल्या आमच्या पाड्यावर नळ का नाही? ती रोज हंड्याने पाणी भरून मग शाळेत येणारी मुलगी. तिला उत्तर खरोखरच हवं होतं. आपलं म्हणणं सगळ्यांसमोर मांडायची अशी संधी तिला पहिल्यांदाच मिळणार होती.

ट्रस्टचे सेक्रेटरी म्हात्रे साहेब यांनी प्रश्न वाचला आणि लगेच फोन केला.

“मॅडम, हा पाण्याचा काढा. पाहुणे येणार आहेत, लाइव्ह जाणार आहे सगळं. त्यापेक्षा वृक्षारोपणाचं विचारा. पॉझिटिव्ह.”

“साहेब, प्रश्न खासदाराचा असतो. मी बदलायचा नसतो.”

“अहो, ही काय खरी संसद आहे?”

“नाही ना? मग निदान इथे तरी नीट चालू दे.”

“बघू,” ते म्हणाले. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही, हे मला कळायला हवं होतं.

ऑनलाइन मीटिंगचा एक होस्ट असतो. तो कोणाचाही माइक बंद करू शकतो. सभागृहात कोणी बोलायचं हे अध्यक्ष ठरवतात. आमच्या अध्यक्षपदी बदलापूरची एक हुशार मुलगी होती, पण होस्ट होते म्हात्रे साहेब.

सरकारची भाषणं झाली. स्वच्छता झाली, मोबाइलचे दुष्परिणाम झाले. पाहुणे माना डोलावत होते. मग सुवर्णा उभी राहिली.

“अध्यक्ष महोदय, बारवीचं पाणी...”

माइक बंद. पोरीला ते कळलंही नाही. ती हातवारे करत बोलतच होती.

“साहेब, सुवर्णाचा माइक चालू करा,” मी म्हणाले.

“टेक्निकल आहे मॅडम. पुढे घ्या.”

मी आवाज चढवला. बरंच सुनावलं. मग आतल्या खोलीत लाइव्ह बघत बसलेले आमचे हे म्हणाले, “अगं, ओरडतेस कोणाला? म्यूट आहेस तू.” अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तेवढ्यात बारवीची चौकट स्क्रीनवरून गेली.

“नेटवर्क!” म्हात्रे साहेब म्हणाले. “धरणाकडे हाच प्रॉब्लेम. चला, पाणीमंत्री उत्तर देतील.”

पाणीमंत्री उल्हासनगरची दिया होती. ती गोंधळली. “सर, पण क्वेश्चन तर झालाच नाही. आन्सर कोणाला देऊ?”

“तू वाच बेटा.”

तिने वाचलं, “सरकार या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहत आहे.” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी भोईर सरांना फोन लावत बसले. अखेर लागला.

“सर, नेट गेलं का हो?”

“नेट फुल व्हतं मॅडम. सुवर्णा बोल्ली, आपल्याला बोलू देत नाय, तर सभात्याग करायचा. मी थांबा थांबा बोलतोय, तर तिने कॉल कट केला आन् सगळी पोरं उठून भायेर.”

सभात्याग म्हणजे निषेध म्हणून सभागृह सोडून जाणं. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून बाकीच्या दोन शाळांनी तो भाग गाळायला सांगितला होता.

पाड्यावर नळ आलेला नाही. ट्रस्टने बारवीच्या शाळेला राउटर पाठवला. सर्टिफिकेटं मात्र दिली नाहीत, कारण मुलं शेवटपर्यंत हजर नव्हती. संसद समजलेली तेवढी एकच शाळा नापास झाली. मी म्हात्रे साहेबांशी भांडले, तर ते म्हणाले, “मॅडम, रूल म्हणजे रूल.”

सर्टिफिकेटचं सांगायला मी भोईर सरांच्या फोनवर सुवर्णाशी बोलले. तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

“मॅडम, सभात्याग केल्यावर परत आत येता येतं?”

“येतं की.”

“मंग माझा प्रश्न बाकी हाय.”

पुढच्या वर्गासाठी मी ट्रस्टला एकच अट घातली आहे: होस्ट मी असेन. ते म्हणाले, “बघू.”