समासातला लाल ठिपका

आधीच सांगते, भुताखेतांच्या अनुभवांच्या या धाग्यावर नेहमी भांडायला येणारी ती बाई मीच. कुणाला रस्त्यात पांढरी साडी दिसली की "झोप पुरी घेत जा" असा सल्ला देणारी. माझं स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स झालंय, योगायोग किती स्वस्त असतात ते मला पक्कं माहीत आहे. तरीही हे लिहायला बसलेय, कारण याचं गणित मला अजून सुटलेलं नाही.

२००४ चा फॉल, म्हणजे पानगळीचे दिवस. स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया. माझे प्रोफेसर सेमिस्टरच्या तोंडावर दुसऱ्या युनिव्हर्सिटीत निघून गेले आणि माझी असिस्टंटशिप गेली. फी माफ होईल असं एकच काम मिळालं — कॅम्पसवरच्या एका छोट्या म्युझियममध्ये जुन्या फ्रेंच लिथोग्राफ्सची नोंद करायची. म्हणजे दगडावर चित्र काढून कागदावर छापलेली, दीडेकशे वर्षांपूर्वीची व्यंगचित्रं. राजा, वकील, डॉक्टर, सगळ्यांची यथेच्छ टर उडवलेली. मला फ्रेंच ओ की ठो कळत नव्हतं, पण हे काम गेलं असतं तर डिग्री अर्धवट टाकून पुण्याला परत. बाबांना काय सांगणार होते मी?

कामाची पद्धत साधी. एक दिवस चित्र भिंगाखाली बघून फॉर्मवर त्याची अवस्था लिहायची... घडी, भोक, डाग, जे असेल ते. दुसऱ्या दिवशी स्कॅन करायचं. त्या खोलीत पेनाला सक्त बंदी, सगळं पेन्सिलीनं. आमची सुपरव्हायझर मार्गारेट, साठीची, मोजकं बोलणारी. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलेलं, "कागदाला इजा झाली तर तुला काढावं लागेल. इथे दुसरी संधी नसते."

दसऱ्याच्या सकाळी माझी रूममेट मीनल, ही नागपूरची, तिनं किचनच्या ओट्यावर माझी पुस्तकं आणि लॅपटॉप मांडून सरस्वतीची पूजा केली. मी बस पकडायला धावत होते.

"थांब ना, काय घाई करून राहिली," म्हणत तिनं पाण्यात कालवलेलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं. चांगलं भरघोस.

मी म्युझियममध्ये पोचले, ग्लोव्ह्ज घातले, आदल्या दिवशी तपासलेलं चित्र स्कॅनिंगला काढलं. एक ढेरपोट्या साहेब खुर्चीत झोपलाय आणि त्याचे बूट खाली कागदांच्या ढिगावर. मला ते चित्र आवडायचं नाही. कागदावर पाय बघवत नाही आपल्याला, काय करणार.

आणि नेमकं तेच माझ्या हातून निसटलं. जमिनीवर घसरत आलं आणि त्याच्या कडेला माझ्या बुटाच्या टोकाचा स्पर्श झाला. पुढचं मी केलंच नाही, ते झालं. वाकले, कागद उचलला आणि कपाळाला लावला. आपलं पाऊल पुस्तकाला लागलं की लावतो तसा!

खाली बघितलं तर वरच्या उजव्या समासात लाल ठिपका. तांदळाच्या दाण्याएवढा, खाली बारीक शेपूट. मी ग्लोव्हचं बोट हळूच टेकवलं. बोटाचं टोक लाल झालं.

चित्र फोल्डरमध्ये ठेवून बाहेर जाऊन मीनलला फोन केला.

ती म्हणाली, "कोणाला सांगू नको यार. एवढ्या जुन्या कागदावर एक डाग, कोण बघतं?"

मला रडू येत होतं. लपवलं असतं तर पचलं असतं, खरं सांगते. पण ते चित्र इतक्या वर्षांत कुणी बिघडवलं नव्हतं आणि मी एका सकाळी... शेवटी लंचनंतर मार्गारेटच्या टेबलापाशी जाऊन सगळं सांगितलं. पाय, कपाळ, कुंकू, सगळं. एकही गोष्ट वगळली नाही.

तिनं शांतपणे ऐकलं. चित्र बघितलं. मग लाकडी खणातून त्याचं जुनं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. टाइपरायटरवर लिहिलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. माझ्या जन्माच्या आधीचं. त्यावर ओळ होती : वरच्या उजव्या समासात लालसर डाग, तांदळाच्या दाण्याएवढा. खाली चिकटवलेला काळापांढरा फोटो. त्यात ठिपका होता. शेपटासकट.

"तू घाबरलीस, म्हणून तुला तसं वाटलं," मार्गारेट म्हणाली. "हा डाग आधीपासून आहे. पण काल तू समास स्वच्छ असं लिहिलंयस. नीट बघत जा." आणि तिनं माझा फॉर्म आणि खोडरबर पुढे सरकवलं.

मी ग्लोव्ह दाखवणार होते. पण लंचआधी मीच तो धुवायच्या टोपलीत टाकला होता आणि टोपली रिकामी झाली होती.

तुम्ही म्हणाल, आदल्या दिवशी नजरेतून सुटला असेल. मीही स्वतःला हेच सांगत आले. पण भिंगाखाली तो समास मी इंच इंच बघितला होता, आणि कित्येक वर्षांचा वाळलेला डाग बोटाला लागत नाही. यापुढे माझी अक्कल चालत नाही.

काम टिकलं, डिग्रीही झाली. पण एक गोष्ट मात्र खुपते. तो कागद दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोरा होता याचा जगात एकच पुरावा होता, माझ्या अक्षरातली पेन्सिलीची ती ओळ. मार्गारेटसमोर बसून मी ती खोडली आणि तिथे "लाल डाग" असं लिहिलं. मला ते काम हवं होतं.