नर कोकम, एक नग

नर्सरीत नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से पाल्यासारखे साचतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढेच! मी नेरूळला एका नर्सरीत सुपरवायझर होतो. नव्वदच्या आगेमागे नवं शहर उभं राहत होतं, आणि त्याच्या रस्त्यांना, बागांना लागणारी रोपं आम्ही तयार करायचो.

माणसं आम्ही मुख्य तीन. कुलकर्णी साहेब, हेडमाळी भोईरमामा आणि मी, सावंत. साहेबांना झाडं नकाशावरची आवडायची. मामांना मातीतली आवडायची, कारण शहरासाठी घेतलेली ती माती एकेकाळी त्यांची होती. आणि मला, खरं सांगतो, तेव्हा झाडं नकोच होती, माणसं हवी होती. बायको कुडाळकडच्या गावात प्राथमिक शाळेत बाई. आई गाव सोडायला तयार नाही. हिची बदली काही होत नव्हती. माझ्या बिल्डिंगमध्ये सोळा फ्लॅट, दिवे लागायचे पाचात. जिन्यात कोणी शिंकलं तरी बरं वाटायचं.

*

साहेबांचा नियम एकच, पानाला भोक दिसता कामा नये. भोक दिसलं की मेमो! म्हणून दर सोमवारी फवारणी.

एकदा वरून हुकूम आला, वाशीच्या एका बागेत 'फुलपाखरू उद्यान' करा. साहेब खूश. झेंडू, झिनिया, घाणेरी, सगळं रंगाप्रमाणे लावून घेतलं. मामांनी कोपऱ्यात चार कढीपत्ते, दोन लिंबं आणि रुईची झाडं लावली. महिन्याभरात त्यांच्यावर अळ्याच अळ्या.

"सावंत, हे काय? आठ दिवसांवर उद्घाटन आहे!" साहेब ओरडले. सोमवारी डबल फवारा झाला.

गुरुवारी पाहुणे आले, फीत कापली. शाळेची मुलं डोक्याला कागदी फुलपाखरं बांधून नाचली. पाहुणे चांगले होते, चष्मा पुसून पुसून फुलांकडे बघत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "यात फुलपाखरं कुठली?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे.

"सायेब, ती सोमवारीच मारली ना आपन!" मामा म्हणाले.

*

पहिल्या वर्षी मला चिमण्यांची फार आठवण यायची. गावात नको नको म्हणताना ताटात येतात. इथे खिडकीत एक नाही. मी रोज सकाळी खिडकीत मूठभर तांदूळ टाकायचो आणि ड्यूटीला जायचो. संध्याकाळी तांदूळ तसेच.

मामांना सांगितलं. ते हसले. "तांदूळ म्हातारी चिमनी खाईल. पिल्लाला अळी लागते. तुमी सोमवारी अळ्या मारता आनि मंगलवारी तांदूळ टाकता. चिमनी येडी हाय काय?"

तरी मी टाकत राहिलो. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी बघतो, तांदूळ साफ! मला इतका आनंद झाला की त्याच पावली मामांच्या घरी सांगायला निघालो. चप्पल घालताना दिसलं, मोरीतून एक उंदीर माझ्याकडे बघतोय.

महिनाभर त्याला मी काही केलं नाही. घरात दुसरं येत होतं कोण?

*

नेरूळच्या एका मोठ्या बागेला पाणी पुरेना. बोअर मारायची ठरली. साहेब नकाशा घेऊन आले, बरोबर पाणी शोधणारा एक माणूस. तो हातात काडी धरून दोन तास गोल गोल फिरला. मामा फुलझाडांत खुरपं घेऊन बसले होते. कंटाळून उठले आणि एका बाकाजवळ टाच आपटली.

"हितं मारा."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"हितं माजी बाव व्हती. तुमीच बुजवलीत."

पाणी त्या बुजवलेल्या विहिरीच्या जागीच लागलं, भरपूर. साहेब सगळ्यांना पेढे वाटत होते. मामांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. मला हळूच म्हणाले, "पानी हाय तसंच हाय, सावंत. बेडूक तेवढे गेले. बेडूक नाय तर बाव काय, नुसता पाइप!"

त्या दिवशी साहेबांनी कोणालाच मेमो दिला नाही.

*

एका सोसायटीच्या बाई तक्रार घेऊन आल्या. त्यांच्या गेटपाशी उंबर होतं. फळं पडतात, फोडली की आत किडे. "आम्हाला बिनकिड्यांचं उंबर द्या. नवी व्हरायटी आली असेल ना?"

साहेब म्हणाले, बघतो. साहेब कोणालाच नाही म्हणायचे नाहीत.

मामांनी बाईंना एक फळ फोडून दाखवलं. "बाय, हा कीडाच याचा भटजी. हा आत गेल्याबिगर फळ पिकत नाय. आनि फळाबिगर हा जन्मत नाय. एकाला काढलं तर दुसऱ्यालाबी उचलावं लागंल."

बाई विचारात पडल्या. म्हणाल्या, "मग जोडीनेच राहू देत." आणि माझ्याकडे वळून सहज विचारलं, "तुमची फॅमिली कुठे असते?"

*

फॅमिली एकदाच आली होती, चार दिवस. चौथ्या दिवशी बॅग भरता भरता ही म्हणाली, "हयसर मातयेक वास नाय ओ. कोंबो आरवणा नाय. कसा रवाचा माणसान?"

येताना तिने घरामागच्या परड्यातली कोकमाची दोन रोपं आणली होती, हळदीच्या डब्यात, मांडीवर धरून. आम्ही दोघांनी मिळून ती नर्सरीच्या मागच्या कुंपणाला लावली. हिने दोन्ही हातांनी माती दाबली आणि म्हणाली, "ह्या झाडाक रातांबे लागले काय मी येतलंय. तवसर नाय."

रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. ते धरायला सात वर्षं तरी लागतात, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. दोघंही हसलो. स्टँडवर मात्र दोघांनाही हसू येईना.

एक रोप पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. उरलेल्याला मी स्वतः पाणी घालायचो. सोमवारी फवारा त्या बाजूला वळू द्यायचो नाही. त्याच्या पानांना भोकं होती आणि मला ती आवडायची.

*

सातव्या थंडीत झाडाला फुलं आली! मी एस.टी.डी. बूथवरून फोन केला. गावी आमच्या शेजारच्या दुकानात फोन होता, तिथे हिला बोलावून आणायचे. तिचा आवाज धावून आल्यासारखा होता. "खरां?"

फुलं सगळी गळली. एक फळ धरलं नाही. पुढच्या वर्षी तेच. साहेबांनी खत बदललं, नवं औषध दिलं. शेवटी मामा आले. एक फूल खुडून त्यांनी चिमटीत फिरवलं, उन्हात धरलं.

"ही बाई हाय. आमच्या ताडाचं असंच असतं. नर जवल नसला तर ताडगोले नाय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकली हाय बिचारी. तुमच्यासारकी."

मी कोकणातला, आणि हे मला आगरी माणसाने सांगावं! पण गावात रातांबे परड्यात, शेजाऱ्याकडे, रानात, सगळीकडे. आमच्या वडिलांनी फळ न देणारं एक झाड तोडलं होतं, तरी बाकीची धरतच राहिली, कारण शेजाऱ्याचं तसलंच उभं होतं. कोणाला कोण लागतं हे बघायची गावात पाळीच येत नाही. ते इथे एकट्याने राहिल्यावर कळतं.

रोप आणून लावावं, तर ते नर की मादी हे कळायला आणखी सात वर्षं. मग साहेबांनी मनावर घेतलं. माणूस तसा वाईट नव्हता. त्यांनी स्टोअरला रीतसर मागणीपत्र पाठवलं. 'नर कोकम, एक नग. तातडीचे.'

तीन महिन्यांनी शेरा मारून उत्तर आलं. 'मागणी केलेला नर उपलब्ध नाही. सबब गुलमोहर, दोन नग, पाठवीत आहोत.'

*

आता शेवटचा.

त्यानंतरच्या मे महिन्यात मी पाणी घालायला गेलो, तर पानांच्या आत लाल काहीतरी. हात घातला. रातांबा! मोजले, अकरा होते. मी मामांना हाक मारली ती किंचाळल्यासारखीच निघाली.

मामांनी झाडाभोवती एक चक्कर मारली. "कुटंतरी नवरा हाय," ते म्हणाले. "किड्याला उडून येता येईल येवड्यात हाय."

मी हिला फोन केला नाही. का कोण जाणे, आधी ते दुसरं झाड बघावं असं वाटलं. या सिमेंटच्या गावात कोणीतरी आपल्यासारखंच कोकम लावलंय, आपल्या इतक्या जवळ, आणि आपण नऊ वर्षं एकटे समजून जेवतोय!

आम्ही दोन दिवस सायकलवर फिरलो. मामा मागे कॅरियरवर, प्रत्येक कंपाउंडवरून मान वर करून बघायचे. एका रो-हाउसच्या बाईंना संशय आला. "कोणाला शोधताय हो?"

"नवरा शोधतोय," मामा म्हणाले. बाईंनी दार लावून घेतलं.

झाड मिळालं ते माझ्याच टेबलावर! सोसायटीतलं झाड तोडायचं तर आमच्याकडे अर्ज करावा लागतो आणि मी जागेवर जाऊन पाहणी करतो. दोन महिन्यांचे अर्ज साचले होते. तिसऱ्या दिवशी ते घेऊन बसलो. चौथाच अर्ज, थरथरत्या अक्षरात. 'माझ्या तळमजल्यावरील घरामागे कोकमाचे झाड आहे. ते फळ देत नाही. सबब तोडण्यास परवानगी मिळावी.' खाली सही, वालावलकर.

पत्ता नर्सरीच्या पलीकडचा, मधे फक्त शाळेचं मैदान. मी दोन रातांबे रुमालात बांधले आणि पळतच निघालो. अर्जाला दोन महिने झालेले. लोक परवानगीला थांबतातच असं नाही.

झाड उभं होतं. पण अंगणात एक माणूस कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. वालावलकर काका खुर्चीत, झाडाकडे पाठ करून. सत्तरीच्या पुढचे, बनियनवर. घरात दुसरं कोणी दिसलं नाही.

"परवानगी आणलीत?" त्यांनी विचारलं. "हा परत कधी मिळायचा नाही, म्हणून बोलावून ठेवला."

"का तोडताय?"

"हिने लावलं होतं. वेंगुर्ल्याची बी. म्हणायची, एकदा घरचे रातांबे फोडायचेत. ती गेली, दोन वर्षं झाली. मी पाणी घालत राहिलो. ह्या थंडीत पहिल्यांदा फुलं आली, वाटलं, आता तरी. सगळी गळून पडली." ते थांबले. "पाणी कोणासाठी घालू? मला बघवत नाही आता."

मी रुमाल सोडला आणि दोन्ही फळं त्यांच्या हातात ठेवली.

"हे तुमच्याच झाडाचे आहेत, काका."

"माझ्या झाडाला कुठे लागतात?"

मग मी सगळं सांगितलं. मैदानापलीकडचं माझं झाड, नऊ वर्षं, नुसती फुलं, मामांचं निदान, स्टोअरचे गुलमोहर. ते ऐकत होते की नाही कळेना. फळ नाकाला लावून डोळे मिटून बसले होते. कुऱ्हाडवाल्याने धार लावणं थांबवलं होतं.

काका उठले, आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, चुकलं आपलं, उगाच जखमेवरची खपली काढली. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट, बटणं वरपर्यंत लावलेली, डोक्यावर काळी टोपी! रातांबे एका बशीत, बशी आत बायकोच्या फोटोपुढे ठेवलेली दिसत होती.

"म्हणजे आमी मुलाकडचे!" ते म्हणाले. इतका वेळ शहरातलं बोलणारा माणूस एकदम मालवणीवर आला. "आमचो झील, तुमचा चेडू! मग उभे कित्याक? बसा व्याही, बसा!" कुऱ्हाडवाल्याला म्हणाले, "तू पण बस रे. चहा घेऊन जा. लग्नघर आसा ह्या."

मी बसलो. या शहरात नऊ वर्षांत मला कोणीच नात्याने हाक मारली नव्हती. माझे डोळे भरून आले, मी लपवलं नाही.

"पण विहीणबाई खंय?" काकांनी दाराकडे बघत विचारलं. "त्यांका आणूक नाय? त्यांच्याशिवाय हो रातांबो मी फोडूचंय नाय, सांगून ठेवतंय!" आणि टेबलावरचा फोन उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवला.

मी दुकानाचा नंबर फिरवला. हिला बोलावून आणायला दहा मिनिटं लागली. तोवर काकांनी तिघांसाठी चहा करून आणला.

"काय झाला?" ती धापा टाकत म्हणाली.

"रातांबे लागले."

दुकानातल्या तराजूचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता.

"फोडू नकात हां," ती म्हणाली. "मी येतंय."