भाऊजींची पाच दारं

लिहिताना चुका होतील, आणि अक्षर तर माझं कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे. आमच्या गावात चौथीपुढं शाळाच नव्हती, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ कधी नीट कळलं नाही. हे कागद कुणाच्या हाती पडलेच तर सांभाळून घ्यावं. मला फक्त सिद्धू भाऊजींबद्दल लिहायचं आहे. माझे धाकटे दीर. त्यांना जाऊन आता काही महिने झाले. त्या दिवशी आमचे हे भर दुपारी किराणा दुकानाचं शटर ओढून घरी आले. मी ज्वारी निवडत होते. "लातूरहून सरांचा फोन होता," एवढंच म्हणाले आणि उंबऱ्यातच बसले… भाऊजी सकाळच्या बसनं लातूरला, त्यांच्या जुन्या सरांकडं गेले होते. सरांच्या क्लासचा जिना चढताना छातीत कळ आली आणि ते पायरीवरच गेले. चाकूरला आमच्या शेतात, आमच्या लिंगायतांच्या रीतीनं, त्यांना बसवून माती दिली. लग्न केलेलं नव्हतं, म्हणून भेटायला आलेली माणसं यांच्याशी आणि माझ्याशीच बोलून गेली. बहुतेकांनी विचारलं, ते नेमकं काय काम करायचे हो? यांना सांगता आलं नाही. मला येत होतं, पण चार माणसांत माझं तोंड उघडत नाही.

भाऊजी नांदेडला आमच्याच घरी, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे आणि तिथूनच काम करायचे. क्लास, पतसंस्था, कॉलेजं यांना एकाच वेळी हजारो लोकांना मेल पाठवावी लागते, ती भाऊजी पाठवून द्यायचे. मेल पाठवणारं मशीन दूर कुठल्यातरी कंपनीत भाड्यानं घेतलेलं होतं, ते इथं बसून चालवायचे. सुरुवातीला सगळ्यांची मेल एकाच पत्त्यावरून जायची. पत्ता म्हणजे नुसते आकडे, त्याला आयपी म्हणतात. मेल उतरवून घेणाऱ्या कंपन्या त्या आकड्यांची पत बघतात. पत चांगली असेल तर मेल आत घेतात, बिघडली की स्पॅममध्ये टाकतात. मी त्याला कचराच म्हणायचे, मग तेही म्हणायला लागले. एकदा एका पतसंस्थेनं न मागता सगळ्या गावाला कर्जाच्या जाहिराती पाठवल्या. लोक वैतागले, आणि त्या एका पत्त्याबरोबर सगळ्यांचीच पत गेली.

त्यात नर्सिंग कॉलेजची प्रवेशाची पत्रं होती. किनवटकडची एक मुलगी बापाला घेऊन आमच्या दारात आली. कॉलेजनं त्यांना भाऊजींचा पत्ता दिला होता. बाप बाहेरच उभा राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही. "पत्र आलंच न्हाई साहेब," म्हणाला. भाऊजींनी मुलीचा फोन घेतला, कुठंतरी बोट लावलं, तर पत्र तिथंच होतं, कचऱ्यात. तारीख होऊन गेलेली. मुलगी बापाला म्हणाली, "चला आबा, गाडी जाईल." कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वैनी, आता हरेकाला त्याचं त्याचं दार. एकानं घाण केली तर त्याचंच दार बंद व्हावं, दुसऱ्याच्या लेकराचं पत्र अडू नये."

त्यांनी पाच पत्ते घेतले. मशीन एकच, पण कुणाची मेल कोणत्या पत्त्यावरून बाहेर पडेल ते ठरवून दिलेलं. मला ते पाच दारांच्या घरासारखं वाटायचं. पण नव्या पत्त्याला पत नसते, ती हळूहळू कमवावी लागते. पहिल्या दिवशी थोडीच मेल पाठवायची, मग जराशी जास्त. मी म्हटलं, नवा तवा असतो तसं; एकदम जाळावर ठेवला की भाकरी चिकटलीच. "हाव, बराबर तसंच," म्हणाले आणि लई हसले. मेल कुठं पडते ते बघायला त्यांनी माझ्या फोनवर मला मेलचं खातं काढून दिलं. ते वरून पाठवायचे, मी खालून ओरडून सांगायचे. "वैनी, तीन नंबर आलं का?" "आलं, पण कचऱ्यात हाय." "काढा बाहेर, आणि उत्तर द्या." उत्तर आलं की पत्त्याची पत वाढते म्हणे. एकदा तिसऱ्या दारानं जाणारी मेल पहिल्या दाराचं नाव सांगत होती, म्हणून घेणाऱ्या कंपन्या तिला परत लावत होत्या. ते सापडायला अख्खा दिवस गेला. "चाकूरचा माणूस उदगीरचा म्हणून सांगून राहिला, मग कोण घरात घेईल?" असं म्हणत जेवायला खाली आले.

मेलमध्ये काहीतरी खरं लिहिलेलं लागायचं. ते लिहायचे, वैनी, आज वरणात चिंच जास्त पडली, कुणावर राग होता? मी उत्तर द्यायचे, बरं. वरून आवाज यायचा, "बरं म्हणून न्हाई भागत, दोन ओळी लिहा की." मग मी लिहायला लागले. शेजारणीच्या म्हशीचं, आईच्या आठवणीचं, यांच्या घोरण्याचं. तोंडानं जे कधी कुणाला सांगितलं नाही ते मी एक जिना वर बसलेल्या माणसाला लिहून पाठवत होते, आणि ते प्रत्येकाला उत्तर देत होते… पावसाळ्याच्या तोंडी, प्रवेश सुरू व्हायच्या आत, पाचही दारांची मेल सरळ आत पडायला लागली.

तेव्हाच लातूरचे सर आले. दहावीला भाऊजींना त्यांनी फुकट शिकवलं होतं. आता त्यांचा मोठा क्लास होता, आणि पाच पत्ते घेताना वर्षाचे पैसे सगळ्यांत आधी त्यांनीच दिले होते. निकाल लागला होता, आणि त्यांना एका दिवसात सगळ्या मराठवाड्याला जाहिरात पाठवायची होती. मी चहा दिला. "सिद्धू, एका दिवसाचा तर प्रश्न हाय. तुझ्याकडं पाच हायत की, थोडं थोडं पाचातून जाऊ दे." भाऊजी म्हणाले, "सर, बाकीच्यांची पत जाईल." सर हसले. "तुझी पत कुणी केली रे?" भाऊजींनी मान खाली घातली. सर गेल्यावर मला म्हणाले, "सरांना न्हाई कसं म्हणावं, वैनी?" आपल्याकडं मास्तरांपुढं ताठ उभं राहायची रीत नाही, आणि त्यांना ती कधी शिकताही आली नाही. दुसऱ्या दिवशी पाचही दारं उघडली. संध्याकाळपर्यंत पाचही बदनाम झाली. त्या आठवड्यात कॉलेजची प्रवेशाची पत्रं पुन्हा कचऱ्यात गेली. या वेळी दारात कुणी आलं नाही. किती मुलींचं काय झालं, ते कळलंच नाही. भाऊजी अधूनमधून विचारायचे, "कुणी आलं होतं का, वैनी?" मी नाही म्हटलं की परत वर जायचे.

गिऱ्हाईकं सुटली. सगळ्यांनी आधी दिलेले पैसे परत मागितले, आणि ते बरोबरच होतं. भाऊजी एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला जायला लागले आणि थोडं थोडं फेडायला लागले. त्या दिवशी लातूरला गेले ते सरांचेच पैसे द्यायला. सर मातीला आले होते. भाऊजींजवळ सापडलेलं पैशांचं पाकीट काढून यांच्या हातात परत द्यायला लागले. यांनी घेतलं नाही. "त्यो तुमच्याकडंच निघाला होता सर. ठिवा."

बाकीचं आम्ही फेडलं. वरचा कॉम्प्युटर विकला, बॅटरी विकली, राहिलेलं दुकानातून. भाऊजींचा फोन मी स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला लावून ठेवला होता, कारण ज्यांचं देणं होतं ते त्यावरच फोन करायचे. "सिद्धेश्वर आहेत का?" असं विचारायचे. ज्यांना माहीत होतं तेही सवयीनं तसंच विचारायचे. अनोळखी माणसाशी मी जन्मात बोलले नव्हते, पण हे फोन मीच घ्यायचे. यांना घेऊ द्यायचे नाही. ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून घरात ऐकू यायचं ते तेवढंच.

परवा नर्सिंग कॉलेजचा शेवटचा हप्ता हे भरून आले. तिथल्या बाईंनी पावती दिली आणि आता कॉलेजचं काही राहिलं नाही म्हणाल्या. "फिटलं सगळं," हे घरी येऊन म्हणाले आणि पावती देवाजवळ ठेवली. मी भाकऱ्या करत होते. फोन चार्ज झालेला होता. आता तो वाजायला काही कारण उरलं नाही.