भट्टीचा नियम

भट्टीतून निघून थंड झालेला प्रत्येक भाग गोविंदराव छोट्या हातोडीने ठोकत आणि कान लावून ऐकत. खणखणीत आवाज आला की "सेरी" म्हणत, म्हणजे ठीक. आवाज बसका आला की रिपोर्ट काहीही सांगो, तो भाग बाजूला. "कागद लटिकें बोलेल, तंबी. पोलाद लटिकें बोलत नाही."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात हुद्द्याने मी त्यांचा साहेब होतो, पण काम त्यांच्याकडूनच शिकलो. ते तंजावरकडचे, घरची जुनी मराठी तमिळ हेल काढून बोलत आणि माझ्या सांगलीच्या मराठीला हसत. "पेपरासारखी रे तुझी भाषा. इस्त्री केलेली!"

भट्टीचे तास कमी करू म्हणणाऱ्याला त्यांचं एकच उत्तर असे, "घाईनें तापविलेलें पोलाद वरून पक्कें, आंत कच्चें." ते वाक्य मी भिंतीवर रंगवून घेतलं होतं.

एकदा कँटीनमध्ये त्यांनी दोन बोटांनी स्वतःची उजवी मांडी ठोकली. "हें कांहीं बोलत नाही, तंबी," म्हणून हसले. लिंबाएवढी गाठ होती, दुखत नव्हती. मीही हसलो. ती मोसंबीएवढी झाली तेव्हा तपासणी केली. मांडीच्या मऊ भागातला कॅन्सर निघाला, सार्कोमा.

अड्यारच्या हॉस्पिटलात त्यांची बायको कमलाबाई आणि मी सोबत होतो. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. गाठ काढण्याआधी किरणं द्यायची. एक पद्धत पाच आठवड्यांची, रोज थोडी मात्रा. दुसरी पाच दिवसांची, रोज मोठी मात्रा. "तुमच्या बाबतीत पाच दिवसांची चालेल असं मला वाटतं. सगळे दिवस पुरे होणं महत्त्वाचं."

"पांच दिवस!" गोविंदराव खुलले. "सोमवारीं सुरू, शुक्रवारीं मोकळा."

तेव्हा मी बोललो. कुणी विचारलं नव्हतं. "गोविंदराव, तुम्हीच शिकवलंत ना? घाईनं तापवलेलं आत कच्चं राहतं. पाच आठवडेच घ्या. रजेचं मी बघतो."

त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मग डॉक्टरांना म्हणाले, "पांच आठवडे. माझ्या साहेबास भट्टी कळते." बाईंनी पुन्हा समजावून पाहिलं. भट्टीचा नियम त्यांना कुठून ठाऊक असणार?

वेस्ट मांबलमच्या घरून रोज अड्यारला जाणं सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात आमची भट्टी बिघडली आणि ग्राहकाची तपासणी तोंडावर आली. मी फोन केला. "फक्त आजचा दिवस, गोविंदराव." ते आले. दुसऱ्या दिवशीही बोलावलं. पुढच्या आठवड्यात आणखी तीन दिवस. कमलाबाईंनी एकदा फोन घेतला. "आज त्यांस उपचारास जायाचें आहे," एवढंच म्हणाल्या. मागून आवाज आला, "दे इकडे, तंबी अडला असेल."

एकूण पाच दिवस. तेवढ्यात दुसरी पद्धत पूर्ण झाली असती.

राहिलेले दिवस पुढे भरून काढावे लागले, मध्येच ताप आला, ऑपरेशन लांबलं. त्याआधीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसांवर डाग दिसले. ते आधीपासूनच आत होते का, पाच दिवसांच्या उपचाराने काही वेगळं घडलं असतं का, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. त्या वाक्याचा आडोसा मी पुष्कळदा घेऊन पाहिला. पण फोन मीच केले होते.

शेवटी त्यांना बोलताना धाप लागायची. मी सगळं कबूल केलं. भट्टीचा नियम माणसाला लावला. आणि तोही पाळू दिला नाही. त्यांनी माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. "ठोकून बघ. कैसा आवाज येतो?"

मला ठोकवेना.

"बसका," तेच म्हणाले. "बाजूस ठेवायाचा. सेरी, तंबी."

चार दिवसांनी ते गेले. कमलाबाईंनी हातोडी माझ्याकडे पाठवली. प्रत्येक भाग मी ठोकून ऐकतो. भिंतीवरचं वाक्य पुसलं नाही, ते खरंच आहे. त्याखाली फक्त माझ्या हाताने लिहिलंय : हे पोलादापुरतं.