भुलीच्या डॉक्टरची सफारी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते घरात साठणाऱ्या रिकाम्या आइस्क्रीमच्या डब्यांसारखे असतात. एक दिवस कपाट उघडावं तर सगळे अंगावर! त्यातून आमची मँचेस्टरची मराठी डॉक्टरमंडळी. पाच कुटुंबं, महिन्यातून एका रविवारी कुणाकडे तरी जेवण, आणि एकाला शिंक आली की पाच स्पेशालिस्टांची पाच मतं. १९९०च्या आसपास मी एकटी केनियाला गेले, तेव्हाचे हे किस्से.

थोडं आधीचं सांगायला हवं. मी भुलीची डॉक्टर. आदल्या वर्षी माझा नवरा माधव हार्ट अटॅकने गेला आणि त्यानंतर ऑपरेशन थिएटरमध्ये माझे हात थरथरायला लागले. पेशंटला झोपवायची मला भीतीच बसली. हा उठलाच नाही तर? शेवटी लांब रजा घेतली. पुण्याहून भाऊ सारखा म्हणत होता, सोड ती नोकरी, इकडे ये, खोली तयार आहे. रजा संपायच्या आत काय ते ठरवायचं होतं आणि रिकाम्या घरात बसून काही ठरत नव्हतं.

*

आमच्यातल्याच शैलावहिनींकडच्या जेवणात मी सांगून टाकलं, "मी सफारीला चाललेय. एकटी."

श्रीखंड वाढता वाढता वहिनी थांबल्या. "एकटी म्हणजे? आणखी कोण कोण आहे?"

"एकटी म्हणजे एकटीच, वहिनी."

"अगं, त्यापेक्षा सुट्टीत आमच्याबरोबर लेक डिस्ट्रिक्टला चल की! गाडीत जागा आहे."

ती जागा मला चांगली माहीत होती. मागच्या सीटवर, त्यांच्या दोन मुलांच्या मध्ये, मांडीवर प्रेशर कुकर!

आमच्यातले वडीलधारे अप्पा सायकियाट्रिस्ट. त्यांनी चष्मा काढला आणि निदान केलं, "वसुधा, दुःखात माणूस असे टोकाचे निर्णय घेतो. याला ट्रीटमेंट लागते."

त्यावर त्यांच्या पत्नी, कमलताई, शांतपणे म्हणाल्या, "अहो, मला काही दुःख नाही, तरी गेली वीस वर्षं एकटीने कुठेतरी जावंसं वाटतंय!"

अप्पांनी चष्मा परत घातला आणि श्रीखंडाकडे लक्ष दिलं.

*

जायचं नक्की झाल्यावर सल्ले सुरू झाले, प्रत्येकाच्या खात्याप्रमाणे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "रस्ते खराब आहेत, कंबर सांभाळ." पोटाच्या डॉक्टरांनी जुलाब थांबवायच्या गोळ्यांचा एवढा साठा दिला की हत्तींचा अख्खा कळप बरा झाला असता. सर्जनसाहेबांनी गंभीर चेहरा करून विचारलं, "तुझं अपेंडिक्स काढलंय ना? नाही? जायच्या आधी काढून टाकू या का?"

शैलावहिनींनी फक्त पोह्यांचा चिवडा दिला. प्रवासात उपयोगी पडला तो तेवढाच.

*

सफारीच्या गाडीत आम्ही नऊजण. चार इंग्लिश जोडपी आणि मी. जोडप्याजोडप्याने सगळे मागे बसले, त्यामुळे ड्रायव्हरशेजारची सगळ्यात उत्तम जागा माझ्या वाट्याला आली. शिवाय नकाशा उलटा धरून चुकीचा रस्ता सांगणारं शेजारी कुणी नाही! माधवची फार आठवण आली. हसूही आलं आणि रडूही.

ड्रायव्हरचं नाव जोसेफ. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला एकच मोठा हत्ती दिसला, तशी त्याने गाडी चांगली लांब थांबवली.

मी विचारलं, "एकटा आहे म्हणून काळजी वाटते का त्याची?"

"त्याची? छे! एकटा हत्ती कुणाचंच ऐकत नाही, मॅडम. काळजी आपण आपली करायची!"

हे मी परत आल्यावर आमच्या मंडळींना आवर्जून सांगितलं. त्यानंतर लेक डिस्ट्रिक्टचा विषय कुणी काढला नाही.

*

चिवड्याचंही सांगते. दुपारच्या जेवणाला झाडाखाली थांबलो असताना एक माकड आलं आणि चिवड्याची पिशवी घेऊन फांदीवर जाऊन बसलं. वहिनींचा हात मिरचीला सढळ. पहिला घास घेतल्यावर ते चटकन थांबलं, डोळे मिचकावले, शिंकलं, अंग खाजवलं. आम्हाला वाटलं, आता टाकणार. कसचं काय! बसून पिशवी चाटूनपुसून साफ केली आणि आणखी मागायला खाली आलं.

हे ऐकून वहिनी नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघा! कुणाकुणाला चव असते!"

*

आणि शेवटच्या दिवशीची गोष्ट.

एका तरुण हत्तिणीच्या पायात शिकाऱ्यांचा तारेचा फास रुतला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी लांबून भुलीचं इंजेक्शन मारून तिला आडवं पाडलं होतं. त्यांचा एक माणूस नेमका आजारी. जोसेफने आमची गाडी बाजूला घेतली आणि ओरडून सांगितलं, "माझ्याकडे एक डॉक्टर आहे!"

"कसले डॉक्टर?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"भुलीची," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"मग खाली उतरा, बाई! हिचा श्वास बघा!"

मी उतरले. त्यांनी सोंडेच्या टोकाला काडी लावून श्वासाची वाट मोकळी ठेवली होती. मी तिथे गुडघ्यावर बसले आणि तळहात सोंडेपुढे धरला. गरम, ओला श्वास आला. मग काहीच नाही. मी हात तसाच धरून ठेवला. मग पुन्हा आला, मोठा, सावकाश. त्यांनी तार कापली, जखम धुतली, आणि मी मोठ्याने श्वास मोजत राहिले. मोजता मोजता कधीतरी मराठीत बोलायला लागले होते, "झालं हं, बाळा, झालं आता." खाली बघितलं तर हात स्थिर होता. मला विश्वासच बसेना.

शेवटी कानामागच्या शिरेत भुलीवरचा उतारा टोचला आणि डॉक्टर ओरडले, "पळा!"

सगळे पळाले. मी जागची हलले नाही.

"बाई, पळा! ती उठतेय!"

"असं कसं? पेशंटने अजून डोळे उघडले नाहीत!"

जोसेफने येऊन मला दंडाला धरून गाडीत कोंबलं. मागे वळून पाहिलं तर हत्तीण उठून उभी होती, कान हलवत, चारही पाय जमिनीवर टेकून. मागच्या सीटवरच्या इंग्लिश बाईने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "हॉटेलवर गेल्यावर तुम्ही आधी झोपा हं."

"झोपेन. पण आधी मँचेस्टरला फोन करायचाय. सोमवारची ऑपरेशनची लिस्ट माझ्या नावावर लावून घ्यायचीय!"