पोळ्याला सुटलेली बैलगाडी

निजामाच्या अमलात आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, नळदुर्गच्या बाजारात शिंदी प्यायले आणि बैलगाडी थेट पोलीस ठाण्याच्या कुंपणात घातली. अमीनसाहेबांनी, म्हणजे तिथल्या फौजदारांनी, त्यांना कोठडीत टाकलं, गाडी-बैल जप्त केले.

दुसऱ्या दिवशी सासरे अन् मी गेलो. साहेबांनी सगळ्यांना सोडलं, पण त्या दिवशी नेमका पोळा. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. मी तणतणले, "मामंजी, ज्यांनी गाडी अडकवली त्यांनाच जुंपा की."

सासऱ्यांनी खरंच जुंपलं. पुढं मोकळे बैल धरून मी, मागं गाडी ओढत मालक. वाटभर लोक हसत होते.

दारात बैलांना ओवाळून कुंकू लावलं, तसं मालकांनाही लावलं. त्यांनी मुकाट मान वाकवली अन् पुरणपोळीसाठी तोंड उघडलं.